बर्फात पुरलेली राजापेठची कॉइल

नोकरीच्या तीस वर्षांत मला सगळ्यात अवघड प्रश्न कुणा परदेशी शास्त्रज्ञानं विचारला नाही, माझ्या वडिलांनी विचारला. दर्यापूरच्या घरी सकाळपासून लाइट नव्हती. मी त्यांना माझं काम समजावून सांगत होतो. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना, जिथं नुसता बर्फ आहे, तिथं आभाळात शंभरेक किलोमीटरवर विजेचे प्रवाह वाहतात, आणि तेही थोडेथोडके नाही, लाखो अँपिअरचे. वडील बसस्टँडवर हमाली करायचे. वारा घ्यायला हातात धरलेला पुठ्ठा त्यांनी थांबवला आणि म्हणाले,

"एवढा करंट वरतं हाय, तं आपल्याकडं लोडशेडिंग काहून हाय?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि निवृत्त झालो तरी सापडलेलं नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगतो. चुंबकीय मोजमापं करणाऱ्या एका सरकारी संस्थेत टेक्निकल असिस्टंट म्हणून लागलो आणि दोन बढत्या घेऊन बाहेर पडलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा सांगतो, असं बायको म्हणते. सांगणारच. पहिला एकच असतो.

काम काय होतं ते सोप्या भाषेत सांगतो. सूर्यावरून विजेचे कण सुटतात आणि वाऱ्यासारखे येऊन पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतात. ते कवच म्हणजे ताणलेल्या अदृश्य तारा समजा, ज्यांची टोकं ध्रुवांजवळ जमिनीत उतरतात. शेताच्या तारेच्या कुंपणाला एका खांबाशी काठी मारली की दूरच्या खांबाशी थरथर पोचते, तशी वर आदळलेल्या वाऱ्याची थरथर या तारांवरून खाली बर्फापर्यंत येते. ती ऐकायला आम्ही तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे दिलेली हातभर लांब कांडी बर्फात पुरतो. तिला कॉइल म्हणायचं. एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. दोन कशाला, तर ही लाट नुसती वरखाली होत नाही, भोवऱ्यासारखी गरगरत येते. दोन कॉइलींच्या रेघा शेजारी ठेवल्या की आधी कुठली हलली, नंतर कुठली, यावरून लाट कुठल्या बाजूनं फिरते ते कळतं. डोक्यावर जन्मलेल्या लाटा साधारण एकाच ठरलेल्या बाजूनं फिरतात. ही बाजू लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड तिचीच आहे.

दक्षिणेकडच्या बर्फावरच्या आमच्या ठाण्यासाठी परदेशातून आलेल्या दोन कॉइलींपैकी एक एका वर्षी खोक्यातच मेली. आत कुठंतरी तार तुटलेली. जहाज सुटायला महिना-सव्वा महिना होता, आणि हिवाळाभर तिथं राहायला मीच जाणार होतो. नवी मागवायची तर निविदा, मंजुरी, आयात. तोवर जहाज जाऊन परतही आलं असतं.

आमच्या विभागाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते मोजून. त्यांनी मेलेली कॉइल हातात घेऊन विचारलं, "दुरुस्त होईल?"

"होईल मॅडम. आमच्या अमरावतीला एक वर्कशॉप आहे."

"अमरावतीला?" त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव आला. तो भाव मला त्या वर्षांत रोज दिसायचा. वऱ्हाडचं नाव पेपरात पहिल्या पानावर यायचं ते एकाच कारणासाठी, आणि संस्थेतली माणसं मला कॅंटीनमध्ये बसवून घेऊन माझ्याकडे सुतकाला आल्यासारखी पाहायची. "तिकडे फार वाईट परिस्थिती आहे ना?"

"परिस्थिती वाईट आहे मॅडम. वाइंडिंग चांगलं आहे."

तेवढंच बोललो. वर्कशॉप कसलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं तर मला सांगायचं होतं की आमच्याकडे दुःखाशिवाय दुसरंही काही तयार होतं. पण ते तोंडानं सांगून पटत नाही. म्हटलं, करूनच दाखवू.

वर्कशॉप म्हणजे राजापेठेत रशीदचाचाचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळलेल्या पंपाच्या मोटारी, पंखे, मिक्सर. बीएस्सीला असताना मी तिथंच संध्याकाळी वाइंडिंग करून खोलीचं भागवायचो, म्हणून चाचा मला नावानं कधी हाक मारत नसे, बीएस्सी म्हणे. दुकानाच्या वर ट्यूशन क्लास होता. वर पोरं माइकवरून इंडक्शनचे नियम पाठ करत आणि खाली चाचा ते नियम विचारात न घेता इंडक्शन करत बसलेला असे.

चाचानं कांडी उलटीपालटी करून पाहिली.

"हे कितीची मोटर हाय?"

"मोटर नाही चाचा, सेन्सर आहे."

"एचपी किती?"

"एचपी नाही. ते फिरतच नाही."

"फिरत नाई, तं मंग बांधता कायले?"

मी सगळं सांगितलं. दुनियेचं टोक, बर्फ, आभाळातली थरथर. चाचानं ऐकून घेतलं आणि एकच कामाची गोष्ट विचारली.

"किती खोल पुरतं?"

"हात-दीड हात."

"मंग वार्निशचे दोन हात देतो. ओल लागन त्याले."

त्या दिवसांत चाचाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरी आटलेल्या, पंप कोरडे चालायचे. लाइट आली तर इतकी ढिली यायची की मोटारी तापून जळायच्या. जेवढं बाहेर वाईट, तेवढ्या आत मोटारी जास्त. चाचाला हे खपत नसे. एकदा मी म्हटलं, धंदा जोरात आहे. तर मान खाली ठेवूनच म्हणाला, "असा जोर नाई पायजे बीएस्सी. जवा मी दुकानात पेपर वाचत बसतो ना, तवा समज दुनिया बरी चालून राहिली."

कॉइल बांधायला नऊ दिवस लागले. मशीन हातानं फिरवायचं, त्यामुळे लाइट नसली तरी काम अडत नव्हतं. संस्थेत एसी खोलीत, पांढरे हातमोजे घालून हे काम करतात, असं मी चाचाला सांगितलं. चाचानं बनियनला हात पुसले. वेढे मोजायला सायकलच्या चाकाचा जुना काउंटर लावलेला होता. पण त्याच्यावर भरवसा नाही म्हणून चाचा स्वतःही मोजायचा, ओठ हलवत. मोजताना कुणाशी बोलायचा नाही. गिऱ्हाईक आलं तर दारात उभं. एकजण चिडून म्हणाला, "चाचा, नमाज पढून राहिला का काम करून राहिला?" चाचानं उत्तर द्यायला पाच मिनिटं घेतली, थर पूर्ण झाल्यावर म्हणाला, "दोन्ही."

बांधून झाल्यावर त्यानं तारेच्या एका टोकाला पांढरा दोरा बांधला, एकाला लाल. वार्निश दिलं, वाळवलं आणि कांडी माझ्या हातात ठेवली. मोटर बांधून देताना तो तिच्यावर एक थाप मारायचा. हिच्यावर मारली नाही, नुसता हात फिरवला.

आता तपासायची कशी? या कॉइलीची अडचण अशी की आसपास कुठं विजेची तार असली की ती तिचाच गुंगाट ऐकत बसते, आभाळाकडे लक्षच देत नाही. म्हणजे तपासायला लाइट नसलेला मुलूख पाहिजे. असा मुलूख मला शोधावा लागला नाही. दर्यापूरजवळ मावसभावाच्या वावरात गेलो. मावसभाऊ गजानन. सगळा तालुका लाइट कधी येते याची वाट पाहत होता, आणि मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत कॉइल ठेवून लाइट कधी जाते याची.

"तू लाइट जाव म्हणून बसला इथं?" गजानन म्हणाला.

"हो."

"गावात नको सांगू. तुले मारतीन आन् मलेबी मारतीन."

साडेअकराला लाइट गेली. आजूबाजूचे पंप एकेक करून बंद पडले आणि माझ्या यंत्रावरची रेघ, जी आतापर्यंत दोरखंडासारखी जाड होती, बारीक झाली. मग तिच्यात एक संथ हेलकावा दिसला. मग दुसरा. काळ्या मातीतून आभाळ बोललं, आणि ऐकणारी कांडी राजापेठची होती. मला इतका आनंद झाला की मी गजाननलाच मिठी मारली. तो म्हणाला, "लाइट गेल्यावर एवढा खूश माणूस पयल्यांदा पाह्यला."

त्या आनंदात एक साधी गोष्ट करायची राहून गेली. लोहचुंबक जवळ नेऊन रेघ वर जाते की खाली, हे पाहायचं असतं. मी फक्त रेघ हलते एवढंच पाहिलं.

फॉर्मवर लिहिलं, "दुरुस्ती : अमरावती येथील वर्कशॉप." खोटं काहीच नव्हतं.

बर्फावरच्या हिवाळ्याबद्दल लोक फार विचारतात. मी सांगतो, थंडी होती. कॉइल पुरली, तारा जोडल्या, संस्थेच्या रिवाजाप्रमाणे लाल टोक सुरुवातीच्या खुंटीला आणि पांढरं शेवटच्या. हिवाळाभर एक दिवसही रेकॉर्ड तुटलं नाही. शेजारच्या ठाण्यावरचा एक परदेशी तंत्रज्ञ एकदा चहाला आला होता. आमच्या इतक्या स्वच्छ रेघा पाहून त्यानं विचारलं, कॉइल कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, राजापेठ. त्यानं डायरीत लिहून घेतलं.

परत आलो, रेकॉर्ड मॅडमच्या हवाली केलं. तीन-चार महिन्यांनी त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्या खुर्चीवरून उठून उभ्या होत्या, हेच नवल.

"तुमच्या कॉइलनं काय दाखवलंय, कल्पना आहे?"

पडद्यावर बाणांची चित्रं होती. डोक्यावर जन्मलेल्या लाटा, ज्या ठरलेल्या बाजूनं फिरायला हव्यात, त्या आमच्या ठाण्यावर उलट्या फिरत होत्या. एकदोन नाही, हिवाळाभराच्या जवळजवळ सगळ्या. मॅडमनी चार वेळा गणित तपासलं होतं. पुस्तकं चूक किंवा आमच्या डोक्यावर काहीतरी निराळं घडतंय. तीन आठवड्यांनी परदेशातल्या परिषदेत त्या हे मांडणार होत्या, संचालकांना कळवून झालं होतं. मग म्हणाल्या, "लेखकांच्या यादीत मी तुमचंही नाव घातलं आहे. हिवाळा तुम्ही काढलात."

शोधनिबंधावर माझं नाव. मी त्याच दिवशी दर्यापूरला फोन केला. वडिलांना शोधनिबंध म्हणजे काय ते कळलं नाही, पण छापून येणार एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या बसस्टँडला कळलं होतं.

आठवडाभराची सुटी काढून गेलो. पेढे घेऊन आधी चाचाच्या दुकानात. चाचानं चहा सांगितला. तेवढ्यात वरूडचा एक संत्र्यावाला बागाईतदार आला, मागं गाडीत सिंगल फेजची मोटर.

"चाचा, हे काय बांधून देल्ली तुम्ही? मोटर फिरते, पण पाणी नाई. नुसतं थुकून राहिली. अर्धी बाग वायून जाईन ना बाप्पा."

चाचा उठलासुद्धा नाही. "उलटी फिरते?"

"हाव."

"जोडली कोणं?"

"आमच्या गावच्या मिस्त्रीनं."

"लाल वायर त्यानं सुरुवातीले जोडली. माह्या दुकानात लाल म्हंजे शेवट. स्टार्टिंगचे दोन टोकं अदलाबदल कर, सुलटी फिरन. जाय."

"लाल सगळीकडं सुरुवात असते."

"सगळीकडं जाऊन बांधून घे मंग."

माझा पेढा तोंडातच राहिला. सिंगल फेजच्या मोटारीत दोन कॉइली असतात. त्यातल्या एकीची टोकं उलटी जोडली की अख्खी मोटर उलट्या बाजूनं फिरते. दोन कॉइली. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. आभाळ उलटं फिरत नव्हतं. वरूडच्या मिस्त्रीनं केली तीच चूक मी दुनियेच्या टोकाला जाऊन केली होती. आणि मिस्त्रीला निदान माफी होती. मी याच दुकानात तीन वर्षं लाल दोरे बांधले होते. दहा वर्षं संस्थेत पांढरे हातमोजे पाहिले आणि चाचाचा रिवाज विसरलो.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही शेवटालाच लाल का बांधता?"

"सुरुवात तं खाली दबून रायते, तिले कोण हात लावते? वरचं टोक लोकं वढतात. म्हणून वरच्याले लाल. तुले सांगितलं व्हतं मी." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "का झालं? पेढा खराब हाय का?"

मी सांगितलं. चाचानं चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे मॅडम सगळ्या दुनियेले सांगणार, का आभाय उलटं फिरते?"

"हो."

"आन् ते माह्या दोऱ्यानं?"

"हो."

चाचा इतका हसला की वरच्या क्लासमधलं इंडक्शन थांबलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "आता जाऊन सांग त्याइले."

"माझं नाव जाईल चाचा. बापानं अख्ख्या स्टँडला सांगून ठेवलंय."

"वरूडवाला पाय आता, बोंबलत आला का नाई? तुह्या मॅडमची मोटरबी उलटी फिरून राहिली. फरक एवढाच, का तिले अजून मालूम नाई."

परतीच्या गाडीत मी पुष्कळ हिशेब मांडले, खोटं का बोलू नये याचे नाही, खरं न सांगता कसं भागेल याचे. पुढच्या हिवाळ्यात कुणालातरी गुपचूप टोकं बदलायला सांगता येईल. मग पुढच्या वर्षी लाटा सुलट्या होतील, मॅडम म्हणतील निसर्गानं मन बदललं. शोधनिबंधावर नाव तोवर छापून झालेलं असेल. हे सगळं बसत होतं. फक्त त्या परिषदेत एखादा माणूस उठून विचारणार होता, तुम्ही टोकं तपासली का, आणि उत्तर द्यायला तिथं मॅडम एकट्या उभ्या असणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. बनियन, सायकलचा काउंटर, लाल दोरा, वरूडचा बागाईतदार. मॅडमना मोटर कळेना म्हणून फळ्यावर सिंगल फेजची मोटर काढून दाखवली. अर्धं चित्र झालं तेव्हाच त्यांना कळलं. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, एका कॉइलीच्या आकड्यांपुढे वजाचं चिन्ह घातलं. पडद्यावरचे सगळे बाण एकदम सुलटे झाले. पुस्तकांप्रमाणे, अगदी आज्ञाधारक.

बाणांकडे पाहतच त्यांनी विचारलं, "हे फॉर्मवर का नाही लिहिलंत? पंपाच्या मोटारी बांधणारं दुकान आहे म्हणून?"

"तुम्ही कॉइल जाऊ दिली नसती."

"नसती." थांबून म्हणाल्या, "आणि रेकॉर्ड मिळालं नसतं. पण तरी लिहायला हवं होतं."

हे आजही खरं आहे. वऱ्हाडची लाज वाटत नाही म्हणून कॉइल तिथं बांधली, आणि लिहायच्या वेळी मीच लाजलो. मॅडमनी परिषदेला पत्र पाठवून भाषण मागं घेतलं. संचालकांपुढे काय ऐकून घेतलं ते मला कधी सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "नशीब, श्रोत्यांत कुणी वरूडचा निघायच्या आधी कळलं."

पुढल्या वर्षी त्याच रेकॉर्डवर, वजाच्या चिन्हासकट, एक साधा निबंध निघाला. लाटा ठरल्या बाजूनंच फिरतात, असं सांगणारा. नवं काही नाही, पण हिवाळाभर एकही खंड नसलेलं रेकॉर्ड म्हणून तो उपयोगी पडला. कॉइल कुठं आणि कशी बांधली याचा त्यात एक परिच्छेद होता. मॅडमनी तो मलाच लिहायला लावला. लेखकांत माझं नाव राहिलं, सगळ्यात शेवटी. वडिलांनी ते पान स्टँडवर नेऊन दाखवलं. कुणीतरी विचारलं, पोराचं नाव शेवटी काहून? तर म्हणाले, "बोजा उचलणारा मांगंच असते."

बर्फातल्या कॉइलीचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. मी म्हटलं, नव्या माणसाला टोकं बदलायला सांगू. मॅडम म्हणाल्या, नको, मग अर्धं रेकॉर्ड उलटं आणि अर्धं सुलटं होईल, वीस वर्षांनी कुणाला आठवणार? ती आहे तशी राहू दे. आणि पुढच्या कॉइलीही राजापेठेतच बांधायच्या होत्या, कारण तिथली पहिली टिकली होती. एका संस्थेत दोन रिवाज चालणार नाहीत. चाचाला बदलायला सांगावं, असं मी सुचवलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि सही करून परिपत्रक काढलं : यापुढे सर्व कॉइलींवर लाल खूण म्हणजे शेवट.

ते परिपत्रक घेऊन मी राजापेठेत गेलो. चाचा मोजत होता, म्हणून दारात उभा राहिलो. थर पूर्ण झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं, मराठी करून, सही-शिक्क्यासकट. वाटलं होतं, चाचाची छाती फुगेल.

चाचानं मान हलवली आणि जरा काळजीनंच विचारलं, "मंग इतके वर्षं तुमी उलटंच बांधत व्हते का रे?"